ज्यूनिपर : एका नांवाची हकीकत

आमच्या महाविद्यालयांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांस इंग्रजी गद्याचे नमुने म्हणून जे उतारे नेमलेले असत, त्यांत १६११ सालच्या इंग्रजी बायबलांतील एक उतारा पुष्कळ वर्षें होता. राणी ईजबेल हिच्या भयानें एलीया हा संदेष्टा पळून जातो. बैर-शेबा येथें आपल्या सेवकास ठेवून तो एकटाच रानांत एक दिवसाची वाट चालतो आणि एका झाडाखालीं बसून ईश्वरापाशीं मरण मागतो. तेथेंच त्याला झोंप लागते. आणि देवदूत त्याला स्पर्श करून उठवितो व निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचें भांडें दाखवितो. प्रसंग मोठा करुण आहे, आणि त्याची भाषा इतकी साधी आहे कीं, शिक्षकाला तेथें समजावून सांगण्यासारखें फारसें उरत नाहीं. उरतें तें एवढेंच कीं, इंग्रजींत त्या झाडाचें नांव ज्यूनिपर असें दिलें आहे, आणि सह्याद्रीच्या मुलुखांत वाढलेल्या मुलांनीं तें झाड कधीं पाहिलेलें नसतें. मींहि तेव्हां पाहिलेलें नव्हतें.

शिकविण्यासारखें जेथें थोडें असतें तेथें शिक्षकाला अधिक शिकविण्याचा मोह होतो. मी फळ्यावर लॅटिन शब्द लिहीत असें : 'यूनिपेरस'. मग त्याची फोड करीत असें : 'युवेनिस' म्हणजे तरुण, आणि 'पारेरे' म्हणजे प्रसवणें. हें झाड सदा हिरवें असतें. जुनीं फळें पिकत असतां त्यांच्या शेजारींच नवीं धरलेलीं दिसतात. म्हणून हें 'तारुण्य प्रसवणारें' झाड. एवढें झाल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर थोडें कुतूहल दिसूं लागे, आणि मग मी माझा हुकमाचा पत्ता टाकीत असें : हा 'युवेनिस' म्हणजे दुसरा तिसरा कोणी नसून आपला संस्कृत 'युवन्' च होय! रोमचा आणि आपला असा अकस्मात् सोयरसंबंध जुळलेला पाहून वर्ग खूष होई, आणि मी स्वतः वर्गाहून जास्त खूष होत असें. बावीस वर्षें मीं हें सांगितलें.

गेल्या वर्षीं माझा एक जुना विद्यार्थी, जो आतां एका तालुक्याच्या गांवीं स्वतः प्राध्यापक आहे, त्यानें आपल्या महाविद्यालयाचें वार्षिक मला पाठविलें. त्यांत शब्दांच्या गमतींवर त्याचा एक लेख होता, आणि त्या लेखांत माझा ज्यूनिपर, माझा युवेनिस आणि माझा युवन् हे तिघेहि जसेच्या तसे उभे होते. खालीं माझ्या नांवानें कृतज्ञतेचे दोन शब्दहि होते. वर्गांत बोललेलें वाऱ्यावर जातें. छापलेलें मात्र डोळ्यांपुढें राहतें, आणि डोळ्यांपुढें राहिलें कीं त्याची शंका येऊं लागते. मीं लॅटिनचे मोठे कोश काढले. त्यांत या शब्दापुढें 'मूळ अनिश्चित' असा शेरा होता. पुढें कुतूहलानें बायबलावरील टीका काढल्या, तेव्हां दुसरी गोष्ट कळली : एलीया ज्या झाडाखालीं बसला तें झाड ज्यूनिपर नव्हतेंच. म्हणजे मीं बावीस वर्षें, जें झाड तेथें नव्हतें त्याच्या नांवाचा जो अर्थ सिद्ध नाहीं तो, मोठ्या उत्साहानें सांगितला होता.

तेव्हां प्रथम झाडाविषयीं. ज्यूनिपर हा देवदार आणि चीड यांच्याप्रमाणें शंकुधारी वर्गांतला. १७५३ सालीं लिनीयसनें रोमन लोकांचेंच नांव या प्रजातीला दिलें. तिच्यांत कोणी पन्नास जाती मानतात, कोणी सत्तरांहून अधिक. युरोपांत ज्याला नुसतें ज्यूनिपर म्हणतात ती जाति युरोप, आशिया आणि उत्तर अमेरिका या तिन्ही खंडांत आढळते. शंकुधारी वृक्षांत इतकी दूरवर पसरलेली दुसरी जाति नाहीं. कोठें तें गुडघ्याएवढें झुडूप असतें, कोठें लहानसा वृक्ष. पानें सुईसारखीं, तीन तीनांच्या वलयांनीं लागलेलीं, बोटाला चांगलीं टोंचणारीं. ज्याला आपण त्याचें फळ म्हणतों तें शास्त्रदृष्ट्या फळ नव्हे. चिडाला येतो तसाच तो शंकु, परंतु त्याचे खवले मांसल होऊन एकमेकांस चिकटतात आणि वाटाण्याएवढी गोळी तयार होते. ती पहिल्या वर्षीं हिरवी असते. पिकून निळीकाळी व्हावयास तिला दोन, कधीं तीन वर्षें लागतात. तेव्हां एकाच फांदीवर हिरवीं व काळीं फळें शेजारींशेजारीं दिसतात, हें माझ्या व्याख्यानांतील विधान खरें होतें. तिबेटांत ज्यूनिपरचे वृक्ष सुमारें ४,९०० मीटर उंचीपर्यंत चढलेले आहेत. उत्तर गोलार्धांत याहून उंचावर झाडांचें रान नाहीं. भारतांत हीं झाडें हिमालयाखालीं आपण होऊन उतरत नाहींत.

आतां नांव. 'तारुण्य प्रसवणारें' ही व्युत्पत्ति अगदींच वेडगळ नाहीं, हें माझ्या बाजूनें सांगितलें पाहिजे. 'युवेनिस' चें आंखडलेलें रूप लॅटिनांत 'यूनिऑर' या शब्दांत दिसतें, आणि 'पारेरे' चें 'पेर' झालेलें 'पुएर्पेरा', म्हणजे बाळंतीण, या शब्दांत दिसतें. तेव्हां ध्वनींची वाट मोकळी आहे. परंतु वाट मोकळी आहे म्हणून त्या वाटेनें कोणी गेलेंच असें होत नाहीं. रोमन शेतकऱ्यानें या कांटेरी झुडुपाला असें काव्यमय नांव ठेवलें, याला पुरावा कांहीं नाहीं. दुसरे कांहीं पंडित या शब्दाचा संबंध 'युंकुस', म्हणजे लव्हाळा, या शब्दाशीं जोडतात, कारण याच्याहि डहाळ्या लवचिक असतात. तेंहि सिद्ध झालेलें नाहीं.

येथें मला निरुक्ताची आठवण होते. सर्व नामें धातूंपासूनच निघालीं आहेत असें शाकटायनाचें मत. तेंच यास्कानें उचललें. गार्ग्याला तें मान्य नव्हतें. त्याचे आक्षेप यास्कानें प्रामाणिकपणें नोंदवून ठेवले आहेत, आणि ते वाचतांना आपण एखाद्या आजच्या भाषाशास्त्रज्ञाशीं बोलत आहों असें वाटतें. गार्ग्य म्हणतो, वाट व्यापतो म्हणून जर अश्व, तर जो जो वाट चालेल त्याला अश्व म्हणावें लागेल. टोंचतें म्हणून जर तृण, तर जें जें टोंचेल तें तें तृणच ठरेल. आणखी असें कीं, एका वस्तूच्या जितक्या क्रिया तितकीं तिचीं नांवें व्हावयास हवींत. यास्कानें या आक्षेपांना उत्तरें दिलीं आहेत व तीं चतुर आहेत. पण मला नेहमीं गार्ग्यच अधिक पटत आला. असें असून फळ्यापाशीं उभा राहिलों कीं मी शाकटायनाच्या पक्षाला जाऊन मिळत असें, हें माझें नवल मलाच वाटतें. सदा हिरवें म्हणून जर तारुण्य प्रसवणारें, तर चिडानें आणि देवदारानें कोणतें पाप केलें होतें?

तरुणपणाची व्युत्पत्ति माझी एकट्याची नव्हे. ती बरीच जुनी आहे. परंतु तिच्याहून निराळी एक व्युत्पत्ति मध्ययुगांत मोठ्या मानानें नांदत होती, आणि तिचीच हकीकत मला फार मनोवेधक वाटली. सेव्हील येथील बिशप इसिडोर, जो इ. स. ६३६ मध्यें वारला, त्यानें वीस भागांचा एक विश्वकोश लिहिला. त्याचें नांवच 'व्युत्पत्ति' असें आहे. कारण वस्तूचें नांव उलगडलें कीं वस्तु उलगडते अशी त्याची श्रद्धा होती. या ग्रंथांत तो सांगतो कीं, ज्यूनिपर हें नांव ग्रीक 'पूर', म्हणजे अग्नि, यावरून आलें. एक तर हें झाड ज्वालेसारखें खालीं रुंद व वर निमुळतें असतें म्हणून, किंवा तें विस्तव फार काळ धरून ठेवतें म्हणून. याच्या राखेखालीं निखारे झांकून ठेवले तर ते वर्षभर टिकतात, असेंहि तो म्हणतो.

वर्षभर टिकणारा निखारा! ज्यूनिपरचें लांकूड सुगंधी आहे व तें चांगलें जळतें. परंतु युरोपांतील एकाहि गुराख्याला असा निखारा दिसला असेल असें मला वाटत नाहीं. मग ही गोष्ट इसिडोरला कोठून मिळाली? तिचा माग काढीत गेलें कीं आपण पुन्हां एलीयाच्या रानांत येऊन पोंचतों.

एलीयाच्या झाडाचा मूळ हिब्रू शब्द 'रोतेम' असा आहे. हें नांव अजून मेलेलें नाहीं. अरबी भाषेंत 'रतम' या रूपानें तें त्या मुलुखांत चालू आहे. सिनाई, नेगेव्ह आणि यार्देन नदीपलीकडील वाळवंटांत कोरड्या ओढ्यांच्या पात्रांत हें झुडूप वाढतें. आपल्या ताग-तुरीच्या मोठ्या कुळांतलें तें आहे. पानें जवळजवळ नाहींत, नुसत्या हिरव्या छडीसारख्या फांद्या, आणि हिंवाळ्याच्या शेवटीं त्यांवर पांढऱ्या फुलांचे घोस. सांवली विरळच, पण त्या ओसाडींत माणसाच्या डोक्यावर जी कांहीं सांवली मिळते ती याची. आणि त्याचें दुसरें महत्त्व असें कीं, त्याच्या मुळांचा व लांकडाचा कोळसा फार प्रखर होतो. बायबलांतील एकशेंविसाव्या स्तोत्रांत कपटी जिभेला शिक्षा म्हणून ज्या निखाऱ्यांचा उल्लेख आहे ते याच रोतेमचे.

या निखाऱ्यांची कीर्ति यहुदी लोकांत परंपरेनें चालत आलेली होती. ताल्मूदाच्या 'बाबा बात्रा' या प्रकरणांत एका प्रवाशाची गोष्ट आहे : वाळवंटांत कांहीं मंडळींनीं काटक्या जमवून मांस भाजलें व तीं पुढें गेलीं, बारा महिन्यांनीं त्याच वाटेनें परत येतांना पाहतात तों ते निखारे अजून धगधगत होते. अमेमार नांवाच्या पंडितानें त्याचा उलगडा असा केला कीं, ते निखारे रोतेमचे असले पाहिजेत. ही गोष्ट ज्या प्रकरणांत आहे त्यांत प्रवाशांच्या आणखीहि अचाट गोष्टी आहेत, तेव्हां ती किती खरी मानावी हें ज्याचें त्यानें ठरवावें. आपल्या कामाची गोष्ट एवढीच कीं, वर्षभर टिकणाऱ्या निखाऱ्याची ख्याति मुळांत वाळवंटांतल्या रोतेमची होती. युरोपांतल्या ज्यूनिपरची नव्हे.

ती इकडून तिकडे कोणी नेली? चवथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोम बेथलेहेम येथें राहून हिब्रूवरून लॅटिन भाषांतर करीत होता. त्याच्या पूर्वीं कितीतरी शतकें जीं ग्रीक भाषांतर झालें होतें, त्यांतील पंडितांनीं एलीयाच्या गोष्टींत हें झाड ओळखण्याची खटपटच केली नाहीं. हिब्रू शब्द तसाच ग्रीक अक्षरांत उतरून घेतला. जेरोमला तें रुचलें नसावें. त्याच्या वाचकांना परिचित असें नांव हवें होतें, आणि त्यानें 'यूनिपेरस' हा शब्द घातला. भाषांतर करणाऱ्या माणसाला त्याची अडचण सहज कळेल. आपल्याकडेहि इंग्रजी कवितेंतील ओक वृक्षाला वड करणारे आणि डेझीला शेवंती करणारे थोडे झाले नाहींत.

परंतु जेरोम येथेंच थांबला नाहीं. इस्राएल लोकांनीं मिसर देशांतून निघाल्यावर रानांत ज्या बेचाळीस ठिकाणीं मुक्काम केला त्या ठिकाणांच्या नांवांचा अर्थ सांगणारें एक लांबलचक पत्र त्यानें फाबिओला नांवाच्या एका रोमन विदुषीसाठीं लिहिलें. त्यांतील एका मुक्कामाचें नांव रिथमा. हा शब्द रोतेमपासूनच झालेला. जेरोम त्याचा अर्थ ज्यूनिपर असा देतो, आणि पुढें म्हणतो कीं, हें लांकूड फार काळ विस्तव राखतें असें सांगतात. याच्या राखेखालीं झांकलेले निखारे वर्षभर टिकतात. यहुदी गुरूंच्या तोंडून ऐकलेली रोतेमची गोष्ट त्यानें अशी ज्यूनिपरच्या नांवावर चढविली. दोनशें वर्षांनीं इसिडोरनें तेंच वाक्य जवळजवळ शब्दशः उचललें. 'असें सांगतात' एवढें मात्र गळालें. आणि मग त्यानें त्या वाक्याच्या आधारावर लॅटिन शब्दाच्या पोटांत ग्रीक अग्नि पेटविला.

वाचकांनीं हा क्रम नीट पाहावा. वाळवंटांतील एका झुडुपाचा गुण. भाषांतरांत चुकलेलें नांव. त्या नांवाबरोबर चालत आलेला तो गुण. आणि शेवटीं त्या उसन्या गुणावरून नांवाची व्युत्पत्ति. सारे दुवे विद्वानांच्या हातचे आहेत. एकाहि ठिकाणीं अडाणी माणसाचा हात लागलेला नाहीं. अडाणी माणसानें दोन्ही झुडुपें जाळून पाहिलीं असतीं.

जेरोमचा ज्यूनिपर पुढें हजार वर्षांहून अधिक काळ जागचा हलला नाहीं. १५३४ सालच्या ल्यूथरच्या जर्मन बायबलांत एलीया ज्यूनिपरखालींच बसतो, आणि १६११ च्या इंग्रजी बायबलांतहि. ल्यूथर आणि इंग्रज भाषांतरकार दोघेहि मूळ हिब्रू वाचणारे होते. परंतु झाडाच्या नांवाला कोण पाहतो? १९५२ च्या सुधारलेल्या इंग्रजी आवृत्तींत तें झाड बदललें. आमच्या पाठ्यपुस्तकांत मात्र जुनाच उतारा होता, कारण तो भाषेचा नमुना म्हणून घेतलेला होता.

नांवांची अशी अदलाबदल या झाडाच्या नशिबीं पहिल्यापासून आहे. ग्रीकांचा 'केद्रोस' हा मुळांत ज्यूनिपरचाच वाचक होता. पुढें तो लेबानोनच्या उंच देवदारास लावूं लागले आणि 'सीडर' हा शब्द जन्मला. उलट अमेरिकेंत गेलेल्या इंग्रजांनीं तेथल्या एका ज्यूनिपरलाच तांबडा सीडर म्हटलें. जगांतील उत्तम शिसपेनी एकोणिसाव्या शतकांत याच लांकडाच्या होत, आणि 'सीडरची पेन्सिल' म्हणून ती विकली जाई. म्हणजे आमच्या आजोबांनीं चाकूनें जी सुवासिक पेन्सिल तासली ती ज्यूनिपरची होती, आणि त्यांना तें ठाऊक नव्हतें. फ्रेंचांत या झाडाचें नांव 'जनिएव्र'. हॉलंडांत त्याच्या फळांनीं वासविलेल्या दारूला 'येनेव्हर' म्हणत. इंग्रजी कानांनीं त्याचें 'जिनीव्हा' केलें, आणि धर्मसुधारक काल्व्हिनच्या त्या कडक नगराचें नांव, ज्याचा या दारूशीं कांहीं संबंध नव्हता, लंडनच्या गुत्त्यांवर झळकलें. त्याचें तोंड आंखडून 'जिन' झालें. १७५१ सालीं होगार्थनें जें भयानक चित्र काढलें व त्याच वर्षीं पार्लमेंटानें जो कायदा केला, तो याच 'जिन' साठीं.

या सर्व चुकांत एक मात्र मला क्षम्य वाटते. लिओनार्डो दा व्हिन्ची यानें पंधराव्या शतकाच्या आठव्या दशकांत फ्लॉरेन्सच्या जिनेव्हरा दे बेन्ची या तरुणीचें चित्र काढलें. तिच्या मस्तकामागें त्यानें ज्यूनिपरचें दाट काळपट झुडूप रंगविलें आहे. चित्राच्या पाठीमागेंहि ज्यूनिपरचीच डहाळी आहे. इटालियनमध्यें ज्यूनिपरला 'जिनेप्रो' म्हणतात. तिच्या नांवावर ही कोटि. वास्तविक जिनेव्हरा हें नांव आर्थर राजाच्या राणीचें, मूळ वेल्श भाषेंतलें. त्याचा झाडाशीं संबंध नाहीं. पण लिओनार्डोनें तसा दावा कोठें केला आहे? त्यानें शेजारीं झाड रंगविलें आणि तो गप्प बसला. तें चित्र १९६७ पासून वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय चित्रशाळेंत आहे. जेरोमनें शब्दाशेजारीं शब्द ठेवला त्याहून हें निराळें.

हिमालयांत आल्यावर या गोंधळांतून बरेंच सुटल्यासारखें वाटतें. नेपाळींत याला 'धुपी' म्हणतात. येथें कोशाची गरज नाहीं. धूप जाळतात म्हणून धुपी. तिबेटी व लडाखी भाषेंत याचें नांव 'शुक्पा'. लडाखांतील एका गांवाचें नांवच हेमिस शुक्पाचन, म्हणजे जेथें शुक्पा आहेत तें हेमिस. आणि गांवाजवळ तीं जुनीं झाडें आहेतहि. तीं पवित्र मानतात. एका उन्हाळ्यांत मी तेथें गेलों होतों. वाटाड्यानें झाडांकडे बोट दाखवून नांव सांगितलें. त्याचा अर्थ काय, असें मीं संवयीप्रमाणें विचारलें. तो माझ्याकडे पाहूं लागला, आणि त्यानें पुन्हां झाडाकडेच बोट दाखविलें. सकाळीं घरोघरीं त्याच्या सुकलेल्या पाल्याचा धूर होत होता. तो देवतांसाठीं व जागा शुद्ध व्हावी म्हणून करतात. गिलगिट-हुंझाच्या बाजूस 'बितान' नांवाचे देवऋषि हाच धूर हुंगून अंगांत आल्यावर भविष्य सांगत; आणि दुसऱ्या टोंकाला, स्कॉटलंडच्या डोंगराळ भागांत, नववर्षाच्या सकाळीं घरांत व गोठ्यांत ज्यूनिपर जाळून धुरी देण्याची चाल होती. एवढ्या अंतरावरच्या लोकांनीं एकमेकांस विचारून ही चाल पाडली असें म्हणवत नाहीं. त्यांचीं नांवें एकमेकांशीं जुळत नाहींत; धूर मात्र जुळतो.

आपल्या महाराष्ट्रांत हें झाड येतें तें वाळलेल्या फळाच्या रूपानें. आयुर्वेदांत 'हपुषा' म्हणून जें द्रव्य आहे तें आज ज्यूनिपरचें फळ मानतात. सोळाव्या शतकांतील भावप्रकाशांत याचीं नांवें एकापुढें एक दिलीं आहेत : हपुषा, हवुषा, अश्वत्थफला, मत्स्यगन्धा, प्लीहहन्त्री, विषघ्नी. गार्ग्य जें म्हणाला होता कीं जितके गुण तितकीं नांवें होतील, तो त्याला अतिप्रसंग वाटला होता. निघंटुकारांनीं तोच आनंदानें पत्करला! एक नांव आकारावरून, एक वासावरून, एक रोगावरून. आणि कोणतेंहि नांव आपणच मूळ असा हट्ट धरीत नाहीं. या पद्धतींत ओळख चुकण्याचा संभव कमी, असें मला प्रथम वाटलें. म्हणून मीं पुण्याच्या रविवार पेठेंतील एका काष्ठौषधीच्या दुकानांत जाऊन हपुषा मागितली. दुकानदाराला तें नांव चटकन् समजलें नाहीं, मग म्हणाला, "हाऊबेर पाहिजे कां?" माल उत्तरेकडून येतो, म्हणून नांवहि उत्तरेकडचें. घरीं येऊन पुडी उघडली. गोळ्या खरोखरच पिंपळाच्या फळासारख्या होत्या. परंतु चुरडून हुंगल्यावर राळेसारखा उग्र वास आला. माशाचा वास कांहीं केल्या येईना. टीकाकार हपुषेचे दोन प्रकार सांगतात, त्यांतील मत्स्यगन्धा ती ही नव्हेच कीं काय, अशी शंका मनांत राहिली आहे. हवुषेवरून हाऊबेर कसें झालें असावें याची एक सुरेख उपपत्ति मला रात्रीं सुचली होती. ती मी येथें देत नाहीं.

ही शंका केवळ पंडिती कुतूहलाची असती तर मी ती लिहिली नसती. ज्यूनिपरचीच एक बहीण, साबीना, विषारी आहे. तिचीं डहाळीं युरोपांत शतकानुशतकें गर्भ पाडण्यासाठीं छुप्या रीतीनें दिलीं जात, आणि त्यांत बायका मरत. यूनानी ग्रंथांतील 'अबहल' या नांवाखालीं ही साबीना आणि साधा ज्यूनिपर दोन्ही आलेले आहेत. आणि आपल्या बाजारांत अबहल म्हणजेच हाऊबेर असें समजून व्यवहार चालतो. साध्या ज्यूनिपरचें फळहि गर्भिणीस वर्ज्य सांगितलें आहे. एक नांव दोन झाडांवर बसलें म्हणजे एलीयाची गोष्ट बिघडत नाहीं. तो कोणत्याहि झाडाखालीं तितकाच थकलेला असतो. पण पुडीवर नांव लिहिणाऱ्यानें तें कोणत्या झाडाचें हें पाहिलें नाहीं, तर घेणारणीला तें पाहण्याचें साधन नसतें.

आमच्या वैदिक ऋत्विजांना ही अडचण कळली होती. सोम मिळेनासा झाला तेव्हां त्याच्या ऐवजीं पूतीक घ्यावें असें ब्राह्मणग्रंथांत सांगितलें. पूतीकाला सोम म्हणावें असें सांगितलें नाहीं. जेरोमनें एवढा विवेक केला असता तर इसिडोरला निखारा मिळाला नसता.

माझ्या त्या विद्यार्थ्याला मीं पत्र लिहून चूक कळविली. त्याचें उत्तर आठ दिवसांनीं आलें. पुढच्या वार्षिकांत दुरुस्ती छापण्यास तो तयार आहे. त्याला एवढेंच हवें आहे कीं, युवेनिस आणि युवन् काढून टाकल्यावर त्या जागीं काय घालावें. ज्यूनिपर या शब्दाचा खरा अर्थ दोन ओळींत कळवावा, संपादकांनीं जागा तेवढीच ठेवली आहे, असें तो लिहितो. दोन ओळींत मला एवढेंच लिहितां आलें कीं, या शब्दाचें मूळ ठाऊक नाहीं, आणि एलीयाचें झाड रोतेम होतें. बाकीचें सांगण्यास जागा नव्हती, म्हणून तें येथें लिहिलें. या अंकाची एक प्रत त्याला पाठवीत आहें.